आधी आंबट आवरा: बिनसाखरेच्या फळसोड्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोकमाचं आगळ (फळांना मीठ लावून सुटलेला रस) आणि थंडगार सोडा एवढ्यावर होणाऱ्या पेयाची कृती दिली होती, साखरेचा कणही न घालता. त्यावर आलेल्या पत्रांत कौतुक थोडं आणि शंका भरपूर आहेत. मला तेच हवं होतं. रत्नागिरीत फळप्रक्रियेचे वर्ग घ्यायचे तेव्हाही मी बायकांना सांगायचे, कृती वहीत उतरवण्यापेक्षा अडलं कुठे ते विचारा. एकाच गोष्टीबद्दल अनेकांनी विचारलं होतं, तिथे पत्रं एकत्र केली आहेत.

ताई, लिंबाचा सोडा साखर न घालता करून पाहिला. यजमानांनी एक घोट घेतला आणि पेला बाजूला सारला. आंबटढाण लागतो म्हणाले. पाणी वाढवलं तर पुळकट लागतो. स्टीव्हियाची गोळी घातली तर मागाहून जिभेवर कडवटपणा रेंगाळतो. आता काय करू?
*एक वाचक, नाशिक*

तुम्ही साखर काढलीत, पण लिंबू तेवढंच ठेवलंत. सगळी गोम तिथे आहे. आपल्या नेहमीच्या सरबताला पेल्यामागे अख्खं लिंबू लागतं, कारण त्यात तीन-चार चमचे साखर असते. लिंबाचं ते माप साखरेच्या हिशेबाने ठरलेलं आहे. साखर गेली की ते माप मोडीत काढायचं. शिवाय सोडा स्वतःही थोडा आंबट असतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की कार्बोनिक आम्ल तयार होतं आणि सोड्याचा जिभेला लागणारा चटका बराचसा त्याचाच असतो. म्हणजे सरबताच्या मापाने लिंबू पिळलं तर आंबटात आंबट मिसळतं.

म्हणून माझा पहिला नियम असा, की गोड काढलं तर आंबट आवरायचं. २०० मिली सोड्याला लिंबाचा रस एक छोटा चमचा, बस्स. मग तुम्ही म्हणाल, लिंबू कळणार कसं? ते रसापेक्षा सालीत जास्त कळतं. लिंबू स्वच्छ धुऊन, पुसून, बारीक किसणीवर सालीचा फक्त वरचा पिवळा भाग किसा. पांढरा भाग किसणीत आला तर कडू होईल. हा कीस चिमूटभर मिठाबरोबर वाटीत बोटांनी चोळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. झाकण काढाल तेव्हा स्वयंपाकघरात वास पसरेल. कीस ओलसर, चकचकीत झालेला असेल, कारण चोळल्याने सालीतलं तेल सुटलेलं असतं आणि मिठाने पाणी ओढून काढलेलं असतं. त्यावर तो चमचाभर रस घालून ढवळा, गाळा, पेल्यात ओता आणि वर सोडा. यजमानांना काहीही न सांगता प्यायला द्या.

इथे मीठ खारटपणासाठी नाही. ते जाणवणार नाही इतकंच घालायचं. एवढंसं मीठ कडवटपणा दाबतं, आणि कडवटपणा दबला की फळात असलेली थोडीशी गोडी वर येते. पेरूच्या फोडीला मीठ लावतो ते काही उगीच नाही.

अगदी गोड हवंच असेल तर बडीशेप वापरा. चमचाभर बडीशेप जाडसर कुटून अर्धी वाटी उकळत्या पाण्यात टाका, झाकून ठेवा आणि निवल्यावर गाळा. बडीशेपेतलं ॲनेथॉल हे सुगंधी द्रव्य मुळातच साखरेपेक्षा कितीतरी गोड असतं, म्हणून त्या पाण्याला साखरेविना गोडी येते. लिंबू आणि कोकम दोघांशीही हे पाणी जमतं. ज्येष्ठमधाची कांडीही गोडी देते, पण ती रोज वापरू नका. त्यातल्या ग्लिसरायझिनने रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं. रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी तिच्या वाटेलाच जाऊ नये.

स्टीव्हियाचं म्हणाल तर त्यातली गोड द्रव्यं साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतात. जरा हात सैल पडला की कडवट मागचव येते. अर्धी गोळी, तीही पेल्याला नाही, अख्ख्या मोठ्या भांड्याला, असं करून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून अशी बिनसाखरेची गोडवणारी द्रव्यं वापरू नयेत. हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांना उद्देशून नाही. तरी माझं मत विचाराल तर जिभेला कमी गोडाची सवय लावणं हाच बरा मार्ग. आमच्याकडे हे मधुमेही आहेत आणि गोडाचे शौकीनही. चहातली साखर ज्या बेताने हळूहळू उतरवली, त्याच बेताने सरबतातली उतरवली. आता बाहेरचं शीतपेय त्यांना गोडमिट्ट लागतं.

आगळ घालून सोडा फार आवडला. पण सासऱ्यांना रक्तदाब आहे. आगळात साखर नसते तर त्यांना रोज द्यायला हरकत नाही ना?
*एक सूनबाई, डोंबिवली*

हरकत आहे, आणि तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. मागच्या लेखात मिठाबद्दल मी एकच ओळ लिहिली होती, आज सविस्तर सांगते.

कोकणात एप्रिल-मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. ते फोडले की आत पांढरट, बुळबुळीत गरात बिया असतात आणि बाहेर जाड लाल साल. आगळ करताना फोडलेल्या फळांत भरपूर मीठ घालून ती बरणीत ठेवतात आणि रोज लाकडी डावाने खालीवर करतात. मिठाने रस सुटतो. आधी गुलाबी, पातळ असलेला रस दिवसागणिक गर्द होत जातो, इतका की पांढऱ्या बशीत थेंब टाकला तरी कडेला जांभळी झाक दिसते. मग तो गाळून बाटलीत भरतात. वर्षभर बाहेर राहिलं तरी आगळ नासत नाही, ते या मिठाच्या जोरावर. सोलकढीत आगळ घातलं की आपण वेगळं मीठ घालताना हात आखडतो तो याचमुळे.

मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका पेल्यात दोन मोठे चमचे आगळ घातलं तर त्यातला मोठा वाटा तिथेच संपू शकतो. तेव्हा सासऱ्यांना आगळ नको.

त्यांच्यासाठी मे महिन्यात ताजे रातांबे मिळाले तर बिया काढून नुसत्या साली फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागतील तशा वाटा. इतर दिवसांत मीठ न लावता वाळवलेली साल मिळते का ते कोकणातल्या ओळखीच्या माणसाकडे विचारा. नेहमीच्या आमसुलांनाही वाळवताना मीठ लावलेलं असतं. ती घेणार असाल तर पाण्यातून खळखळून काढा, वाटीभर कोमट पाण्यात आठ-दहा आमसुलं दोन तास भिजवा, हाताने कुस्करा आणि गाळा. यातलं तीन मोठे चमचे पाणी, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, आल्याच्या रसाचे दोन थेंब, बडीशेपेचं पाणी चमचाभर आणि वर १५० मिली थंड सोडा. वरून मीठ घालायचं नाही.

आणि दुकानात ‘अमृत कोकम’ म्हणून मिळतं ते आगळ नव्हे. ते सालींमध्ये साखर मुरवून केलेलं सिरप असतं. बाटली एकसारखी दिसते म्हणून घोटाळा होतो. मागचं लेबल वाचूनच घ्या.

साखर वाईट म्हणून मी सोड्यात गूळ किंवा मध घालते. कधी खजुराचा गोळा. हे नैसर्गिक आहे, तर मधुमेह्याला चालेल ना?
*एक वाचक, कोल्हापूर*

कोल्हापूरकरांपुढे गुळाविरुद्ध बोलायची माझी छाती नाही झाली तरी बोलावंच लागेल. दहा ग्रॅम गुळात आठ ग्रॅमच्या आसपास साखरच असते. मधातही शंभरात ऐंशीच्या घरात साखर, बाकी बहुतेक पाणी. खजूर वाटून गाळला की चोथा मागे राहतो आणि साखर पेल्यात येते. गुळाला चव आहे, रंग आहे, थोडं लोह आहे, सगळं मान्य. पण रक्तातली साखर वाढवताना शरीर गुळाला वेगळी वागणूक देत नाही. खडीसाखरेचंही तेच.

फळाच्या रसाचंही सांगून टाकते. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर ‘मोकळी साखर’ म्हणून, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्या हिशेबातच मोजते, अख्ख्या फळातली तशी मोजत नाही. बाजारातल्या ३०० मिली कोलात ३० ग्रॅमच्या पुढे साखर असते. पण पेलाभर द्राक्षांचा रस काढलात तर तोही त्या आकड्याला सहज ओलांडतो. तेव्हा ‘साखर घातलीच नाही’ म्हणून रसाने पेला भरू नका. पेल्यात फळ थोडं आणि सोडा जास्त, हे प्रमाण सांभाळलंत तरच या सगळ्या खटाटोपाला अर्थ आहे. मी शक्यतो अशी फळं घेते ज्यांना वास आणि आंबटपणा जास्त, गोडी कमी: लिंबू, कैरी, कोकम, आवळा, स्ट्रॉबेरी, करवंदं. द्राक्षं, हापूस, चिकू, सीताफळ ही खायची फळं आहेत, ती खा.

जांभळाने मधुमेह जातो म्हणतात. त्याचा सोडा करता येईल?
*एक वाचक, पालघर*

सोडा करता येईल, मधुमेह जाणार नाही. जांभळाच्या भरवशावर कुणीही गोळ्या बंद करू नये, हे मी अगदी हात जोडून सांगते.

बहाडोलीच्या जांभळांच्या परिसरात तुम्ही राहता, तर जूनमध्ये वाटीभर चांगली पिकलेली घ्या. चिमूटभर मीठ लावून हाताने कुस्करा, बिया निघून येतील. गर मंद आचेवर नुसता गरम करा, उकळी येऊ देऊ नका. सालीचा रंग गरात उतरला की खाली घ्या आणि सुती कपड्यातून गाळा. पेल्यात दोन मोठे चमचे पुरेत, तुरटपणा त्याहून जास्त सोसत नाही. जांभूळ तसं गोड फळ आहे, तेव्हा दोनाचे चार चमचे करू नका.

माझा नऊ वर्षांचा मुलगा टाइप वन मधुमेही आहे. इन्सुलिन घेतो. त्याच्या वाढदिवसाला सगळी मुलं रंगीत शीतपेय पितात आणि तो पाणी. त्याला सगळ्यांसारखंच काहीतरी द्यावंसं वाटतं. काय करू?
*एक आई, सातारा*

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला ‘सगळ्यांसारखं’ द्यायचं असेल तर माझं म्हणणं असं, की त्या दिवशी सगळ्याच मुलांना त्याच्यासारखं द्या. एकच मोठं भांडं, एकच पेय, त्याच्यासाठी वेगळा पेला नाही. मुलांना रंग हवा, बुडबुडे हवेत आणि काचेच्या कडेला फळाची चकती हवी. एवढं मिळालं तर साखर नाही हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

महाबळेश्वर तुमच्या जिल्ह्यातच, तेव्हा स्ट्रॉबेरी घ्या. हंगाम नसेल तर हंगामात फ्रीजरमध्ये ठेवलेली चालेल, उलट ती वितळताना रंग जास्त सोडते. एका पेल्याला ५० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराच्या तीन-चार. काट्याने ठेचा, मिक्सरला लावू नका. मिक्सरने गर गुळगुळीत होतो आणि सोडा ओतला की फेस पेल्याबाहेर येतो. त्यात मिठाचे चार कण, लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब, चुरडलेलं एक पुदिन्याचं पान आणि असली तर व्हॅनिलाची एखादी बारीक धार. व्हॅनिला स्वतः गोड नाही, पण त्या वासाची आणि गोडाची आपल्या डोक्यात गाठ बसलेली असते, म्हणून पेय आहे त्याहून गोड भासतं. वर १५० मिली सोडा.

या पेल्यात स्ट्रॉबेरीचे मिळून साधारण ४ ग्रॅम कर्बोदकं होतात. ती शून्य नाहीत. तुम्ही इन्सुलिनसाठी कर्बोदकं मोजत असाल तर ती मोजणीत धरा आणि दुसऱ्या पेल्याची वेगळी धरा.

आता याहून महत्त्वाचं. वाढदिवसाला मुलं धावतात, खेळतात, खाणं मागेपुढे होतं. त्याची साखर उतरली, तो थरथरायला लागला, घामाघूम झाला, तर हा सोडा काहीही कामाचा नाही. तेव्हा ग्लुकोज किंवा साखरेचं पाणीच हवं, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. घाईगडबडीत कुणीतरी मदत म्हणून त्याच्या हातात हाच सोड्याचा पेला देईल, ही शक्यता खरी आहे. म्हणून भांड्यावर मोठ्या अक्षरांत ‘बिनसाखरेचा’ अशी चिठ्ठी लावा, ग्लुकोजचा डबा कुठे ठेवलाय ते घरातल्या दोन मोठ्या माणसांना आधी दाखवा, आणि मग निर्धास्तपणे त्याला खेळू द्या. लेकराला माझे आशीर्वाद.

सोडा मशीन घेतलं. त्यात सरळ कैरीचा रस घालून गॅस सोडला तर फेसाचा कारंजा उडाला. नुसतं पाणी घातलं तरी दुकानातल्यासारखा जोर येत नाही. मशीन खराब आहे का?
*एक वाचक, पुणे. याच अर्थाची आणखी पत्रं ठाणे आणि बडोद्याहून*

मशीन बहुधा ठीक असावं. त्यात पाण्याशिवाय काही घालायचं नसतं. रसातल्या गराचा प्रत्येक कण बुडबुड्याला धरायला जागा देतो आणि रसातल्या चिकट द्रव्यांमुळे तो बुडबुडा फुटत नाही. म्हणून फेस होतो, नळी चिकट होते आणि झडपेत गर अडकला तर दाब बाहेर पडायला वाट राहत नाही. ते धोक्याचं आहे. आधी नुसत्या पाण्यात गॅस भरायचा, फळ नंतर.

जोर न येण्याचं कारण पाण्याची उष्णता. नेहमीच्या हवेच्या दाबाला शून्य अंशांचं एक लिटर पाणी १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड सामावून घेतं. २० अंशांना तेच पाणी ०.९ लिटरपर्यंत येतं आणि आपल्या उन्हाळ्यातल्या ३० अंशांच्या माठातल्या पाण्यात तर जेमतेम दोन तृतीयांश लिटर मावतो. दाब वाढवला तरी थंड पाण्याचं हे पारडं जडच राहतं. तेव्हा पाणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. फळाचा अर्क, पेला, सगळंच थंड करा. कोमट पेल्यात ओतलात की कमावलेला बराच गॅस तिथेच उडतो.

ओतायची रीतही सांगते. अर्क तळाशी घाला आणि मीठ असेल तर ते अर्कातच आधी विरघळवा. भरल्या सोड्यात कोरडं मीठ टाकलं की काय होतं ते लिंबू-सोड्याच्या गाडीवर सगळ्यांनीच पाहिलंय. फेस भसकन वर येतो. दिसायला मजा वाटते, पण तो गेलेला गॅस असतो. पेला तिरका धरून सोडा कडेने सोडा आणि लांब चमचा तळापासून एकदाच वर आणा. घुसळू नका.

कैरीसाठी माझी रीत अशी. कैरी उकडून नाही, गॅसवर वांग्यासारखी भाजून घ्या. साल करपली की आतला गर मऊ होतो आणि त्याला धुरकट वास लागतो. तो वास आला की गुळाची उणीव फारशी जाणवत नाही. एका पेल्याला दोन छोटे चमचे गर, थोडं पाणी घालून गाळलेला, वेलदोड्याची पूड आणि पादेलोणाची चिमूट.

ठाण्याच्या वाचकांनी पूर्वीच्या सायफन बाटलीबद्दल विचारलंय. एक लिटरच्या बाटलीला ८ ग्रॅमची एक कार्बन डायऑक्साइडची कुपी लागते. खुणेच्या वर पाणी भरू नका आणि आतला गॅस पूर्ण निघाल्याशिवाय डोकं उघडू नका. केकवाल्यांकडे क्रीमसाठी अगदी तशाच दिसणाऱ्या कुप्या असतात, त्यात नायट्रस ऑक्साइड असतो. त्या इथे चालत नाहीत. आणि वर्कशॉपमधला सिलिंडर स्वस्त पडतो म्हणून कुणी जोडून देत असेल तर नको म्हणा. पिण्याच्या पाण्यात जाणारा गॅस खाद्य प्रतीचाच हवा.

मशीन नको, खर्च नको. खायचा सोडा आणि लिंबूफूल घालून घरच्या घरी सोडा करता येतो ना?
*एक वाचक, परभणी*

बुडबुडे येतात, पण ते पेय रोजचं नव्हे. खायच्या सोड्याच्या एका सपाट छोट्या चमच्यात १,२०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा २,०००. साखर टाळायला गेलो आणि सोडियम गिळलं, असा हा सौदा. फ्रूट सॉल्टचंही तेच. शिवाय लिंबूफूल थोडं कमी पडलं तर चव साबणासारखी होते, आणि कोकम किंवा जांभूळ घातलं असेल तर त्यांचा लाल रंग काळपट-जांभळा पडतो, कारण तो रंग आंबटातच लाल राहतो. खर्च नको असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातली साध्या सोड्याची बाटली आणा. फक्त लेबल पाहा. ‘टॉनिक’ लिहिलेल्या आणि लिंबाच्या चवीच्या म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत बहुधा साखर असते.

साखर न घातलेला अर्क फ्रीजमध्ये आठवड्यात आंबला. वरती पांढरा थर आला. थर काढून वापरू का?
*एक वाचक, अकोला*

टाकून द्या. थर वरचा दिसतो, पण त्याची मुळं खाली गेलेली असतात.

आपण साखरेकडे फक्त गोडी म्हणून पाहतो. सिरपात आणि स्क्वॅशमध्ये तीच राखणदार असते. ती पाणी धरून ठेवते आणि बुरशीला ते मिळू देत नाही. आगळात हेच काम मीठ करतं. दोन्ही काढलीत तर फळाचा अर्क फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांचाच सोबती. म्हणून हंगामात मी अर्क बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि खडे झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात भरते, नाहीतर फ्रीजरमधला मासळीचा वास त्यांना लागतो. एका खड्यात साधारण एक मोठा चमचा अर्क बसतो, त्यामुळे मापही होतं. मे महिन्यातली कैरी गणपतीत पाहुण्यांना देता येते. डब्यावर तारीख लिहा.

आल्याचा सोडा यीस्टशिवाय आंबवून नैसर्गिक बुडबुडे आणता येतात असं वाचलं. त्यात साखर सगळी खाल्ली जाते, म्हणजे तो बिनसाखरेचाच झाला ना?
*एक वाचक, बंगळूर*

‘यीस्टशिवाय’ हे खरं नाही. आल्याच्या सालीवरचं रानटी यीस्टच तिथे काम करतं. आणि साखर सगळी खाल्ली जाईपर्यंत थांबलात तर बाटली टिकणार नाही. लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम साखर आंबली की त्या पाण्याएवढ्याच आकारमानाचा गॅस तयार होतो. चांगल्या सोड्याला साधारण १२ ते १६ ग्रॅम पुरतात. लोक घालतात ५०-६०. सगळी आंबली तर दाब कुठच्या कुठे जाईल आणि काचेची बाटली फुटेल. वेळेत फ्रीजमध्ये ठेवलीत तर साखर उरेल. शिवाय थोडं अल्कोहोलही तयार होतं, तेव्हा लहान मुलांना आणि उपासाला नको. हौस असेल तर प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटलीत करा, दाबून कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये. पण याला बिनसाखरेचा म्हणू नका.

आमच्या बचत गटाला कैरी, जांभूळ आणि लिंबाचा सोडा ‘शुगर-फ्री’ म्हणून विकायचा आहे. लेबलवर तसं लिहिता येईल?
*बचत गटाच्या एक सदस्य, सावंतवाडी*

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे १०० मिलीत ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर ‘शुगर-फ्री’ म्हणता येत नाही. मग ती साखर तुम्ही घातलेली असो की फळातली. हिशेब करून पाहा. लिंबाच्या रसात शंभराला अडीच ग्रॅमच्या आसपास साखर. पेल्याला छोटा चमचा घातलात तर तुम्ही नियमाच्या कितीतरी आत आहात. जांभळाचा मात्र १०० मिलीत १० मिली रस घातला तरी ग्रॅमभर साखर होते, म्हणजे तो बाद. त्याला ‘साखर घातलेली नाही’ असं म्हणण्याचा पर्याय आहे, पण त्याच्याही अटी आहेत, गूळ-मध घातला तर तोही दावा करता येत नाही. प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या आणि मगच लेबल छापा. गिऱ्हाईक मधुमेही असणार आहे, ते लेबलावर विश्वास ठेवून पिणार आहे.

दारात पपनसाचं झाड आहे. त्याचा सोडा?
*एक वाचक, वसई*

सुरेख होतो, पाकळ्यांची पांढरी साल पूर्ण काढलीत तर. पण घरात कुणाला कोलेस्टेरॉलची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्याच कुळातलं, आणि त्यातल्या द्रव्यांमुळे यांतल्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. पपनसातही तशी द्रव्यं असतात.

साखर नाही म्हणजे दातांची काळजी मिटली ना? दिवसभर घोट घोट पीत असते.
*एक वाचक, सोलापूर*

साखरेने होणारी कीड टळली, आंबटाने होणारी झीज नाही टळली. दातांवरचं कवच तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ५.५ च्या खाली गेला की विरघळायला लागतं आणि लिंबाचा रस २ ते २.५ च्या आसपास असतो. घोट घोट दिवसभर पिणं हे दातांना सगळ्यात वाईट. लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. जेवणाबरोबर एकदाच प्या, नळीने प्यायलात तर उत्तम, मग साध्या पाण्याने चूळ भरा. ब्रश मात्र लगेच करू नका, अर्धा तास जाऊ द्या. आणि मधल्या वेळी तहान लागली तर माठातलं पाणी प्या.